ज्ञानोपासक वैद्य गार्सिया द ओर्ता

पणजी शहरात चर्चच्या पायऱ्यांसमोर जे नगरपालिकेचे जुने उद्यान आहे, त्याला गार्सिया द ओर्ता ह्या सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. सायंकाळी तेथील बाकांवर विसावणाऱ्या पुष्कळांच्या कानांवरून हे नाव गेलेले असते. ह्या गृहस्थाने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर एक ग्रंथ लिहिला होता, एवढेही कित्येकांना ठाऊक असते. परंतु ज्या राजवटीने पुढे हे नाव मोठ्या गौरवाने उद्यानाला दिले, त्याच राजवटीच्या छत्राखाली ह्या वैद्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी त्याच्या अस्थी कबरीतून उकरून काढून जाहीररीत्या जाळण्यात आल्या होत्या, ही गोष्ट फार थोड्यांना ज्ञात आहे. स्वतः पोर्तुगालच्या विद्वानांनाही ती तीन शतकांहून अधिक काळ अज्ञात होती. जिवंतपणी राजवैद्य म्हणून मिरवलेल्या पुरुषाला मरणोत्तर गुन्हेगार ठरविण्याची वेळ एखाद्या समाजावर का येते, ह्याचा विचार करावयाचा तर गार्सिया द ओर्ताचे चरित्र मुळापासून पाहिले पाहिजे.

जन्म, कुळ आणि विद्याभ्यास

गार्सिया द ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात, स्पेनच्या सरहद्दीलगत असलेल्या कास्तेलु द विद ह्या गावी झाला. वडील फेर्नांव द ओर्ता हे व्यापारी. आईचे नाव लियोनोर गोमिश. हे कुटुंब मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली फर्दिनंद आणि इझाबेल ह्या राजदंपतीने आपल्या राज्यातील समस्त यहुद्यांना धर्मांतर अथवा देशत्याग ह्यांपैकी एक पत्करण्याची आज्ञा केली, तेव्हा सहस्रावधी कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. त्यांतच ओर्ता कुटुंब होते. परंतु आश्रयाची ही जागाही पाच वर्षांतच हिरावली गेली. १४९७ साली पोर्तुगालचा राजा दों मानुएल ह्याने आपल्या राज्यातील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देवविला. त्या दिवसापासून ह्या लोकांना नवख्रिस्ती अशी संज्ञा मिळाली. नावाने ख्रिस्ती, परंतु समाजाच्या दृष्टीने कायमचे संशयित, अशी त्यांची अवस्था झाली. १५०६ साली लिस्बन शहरात जमाव खवळून नवख्रिस्ती स्त्रीपुरुषांची मोठी कत्तल झाली. त्या वेळी गार्सिया हा चार-पाच वर्षांचा बालक होता. अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला घरातील गोष्ट घरातच ठेवण्याचे बाळकडू मिळाले असल्यास नवल नाही.

गार्सियाची बुद्धी तीव्र होती आणि वडिलांची सांपत्तिक स्थितीही बरी होती. त्यामुळे त्याला स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विख्यात विद्यापीठांत तत्त्वज्ञान आणि वैद्यकशास्त्र ह्यांचे शिक्षण घेता आले. त्या काळचे वैद्यकशिक्षण म्हणजे ग्रंथपठण होते. ग्रीक वैद्य गॅलेन व डायोस्कोरिडीस आणि अरबी वैद्यकाचा मुकुटमणी आविसेना ह्यांचे ग्रंथ गुरूने वाचावेत, शिष्यांनी ऐकावेत आणि त्यांवर भाष्ये रचावीत, असा क्रम होता. रुग्णाच्या अंगी दिसणारे लक्षण आणि ग्रंथातील वचन ह्यांत विरोध आढळला तर दोष रुग्णाकडे अथवा निरीक्षकाकडे जाई. ग्रंथाकडे जात नसे.

१५२३ साली गार्सिया जन्मगावी परतला व तेथे वैद्यकी करू लागला. १५२६ साली त्याला लिस्बनमध्ये व्यवसाय करण्याचा परवाना मिळाला आणि १५३० पासून तो लिस्बन विद्यापीठात व्याख्याता झाला. अशी प्रतिष्ठेची जागा सोडून सहा महिन्यांचा धोक्याचा समुद्रप्रवास पत्करण्याचे वास्तविक त्याला कारण नव्हते. परंतु १५३२ साली राजा दों जुवांव तिसरा ह्याने नवख्रिस्ती लोकांना देशाबाहेर जाण्यास बंदी केली होती, आणि पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेऊन त्यांना शासन करणाऱ्या धर्मन्यायालयाची, स्थापना करण्यासाठी रोमकडे खटपट चालू होती. ह्या पार्श्वभूमीवर, हिंदी समुद्राचा सेनापती म्हणून नेमलेल्या मार्तिम आफोन्सो द सौझा ह्याच्या पदरी वैद्य म्हणून गार्सिया १५३४ च्या मार्च महिन्यात जहाजावर चढला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो गोव्यास पोहोचला. दोन वर्षांनी, म्हणजे १५३६ साली, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले.

गोव्यातील वास्तव्य

आरंभीची काही वर्षे गार्सिया आपल्या आश्रयदात्याबरोबर मोहिमांवर हिंडला. काठेवाड, दीव, वसई, मलबार हे प्रदेश त्याने पाहिले. मुंबईजवळील घारापुरीची लेणी त्याने पाहिली आणि पुढे आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णनही केले. नंतर तो जुन्या गोव्यात स्थायिक झाला. विजरईंपासून सामान्य रुग्णांपर्यंत सर्वांवर तो उपचार करी. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा ह्याच्याशी त्याचा विशेष स्नेह जडला. निजामशहाच्या दरबारी तो वैद्य म्हणून वारंवार जाई आणि तेथील इराणी व अरबी हकिमांशी शास्त्रचर्चा करी. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट वार्षिक खंडाने दिले. पुढे जगद्विख्यात झालेल्या ह्या शहराच्या जागी त्या वेळी नारळीची झाडे आणि आमराया होत्या. वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाड आपल्या बेटावर असल्याचे ओर्ताने मोठ्या कौतुकाने नमूद केले आहे.

गोव्यात त्याने घराभोवती बाग केली, बी-बियाणे व रोपे जमविली, बाजारात जाऊन औषधी द्रव्ये हाताळली. खलाशी, व्यापारी, जोगी, हकीम, वैद्य ह्या सर्वांकडे तो पृच्छा करीत असे. ग्रंथ आणि वस्तू ह्यांची गाठ घालून पाहण्याचा हा उद्योग त्याने जवळजवळ तीस वर्षे चालविला.

परंतु ह्या ऐश्वर्याच्या तळाशी भीती सदैव वसत होती. १५४३ साली जेरोनिमो दियश नावाच्या एका नवख्रिस्ती वैद्याला यहुदी मत बाळगल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. त्या वेळी गोव्याचा गव्हर्नर ओर्ताचा आश्रयदाता मार्तिम आफोन्सो द सौझा हाच होता. एकाच व्यवसायातील, एकाच कुळपरंपरेतील माणसाची ही गत ओर्ताच्याच शहरात झाली. पुढे १५४७ साली लिस्बनमध्ये त्याच्या दोन बहिणींना इन्क्विझिशनने कैदेत टाकले. त्यांची सुटका झाल्यावर आई व बहिणी १५४९ साली गोव्यास त्याच्या आश्रयाला आल्या. समुद्रापलीकडे आल्याने संकट टळले, अशी त्यांची समजूत असावी.

ग्रंथ आणि त्यातील धैर्य

१० एप्रिल १५६३ रोजी जुवांव द एंदें ह्या मुद्रकाच्या छापखान्यातून ओर्ताचा ग्रंथ गोव्यात प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील साधी औषधे, द्रव्ये व वैद्यकीय वस्तू ह्यांवरील संवाद अशा अर्थाचे त्याचे लांबलचक नाव आहे. सामान्यतः तो कोलॉकियुश ह्या नावाने ओळखला जातो. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. खिळे अपुरे, जुळारी नवखे, त्यामुळे मुद्रणदोष विपुल; तथापि हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या प्रारंभीच्या मोजक्या पुस्तकांत त्याची गणना होते. कवी लुईश द कामोंइश ह्याची पहिली मुद्रित कविता ह्याच ग्रंथात आहे. विद्वानांच्या लॅटिन भाषेऐवजी ओर्ताने सर्वांना समजेल अशी पोर्तुगीज भाषा वापरली.

ग्रंथाची रचना प्रश्नोत्तररूप आहे. स्पेनमधील विद्यापीठांत शिकून नुकताच गोव्यात आलेला रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य शंका विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. रुआनोच्या मुखात गॅलेन, डायोस्कोरिडीस, आविसेना ह्यांची वचने आहेत. ओर्ताच्या मुखात डोळ्यांनी पाहिलेली वस्तू आहे. वस्तुतः हे दोघेही एकच आहेत. सालामांकाहून निघालेला तरुण ओर्ता प्रश्न विचारीत आहे आणि गोव्यात तीस वर्षे राहिलेला वृद्ध ओर्ता त्याला उत्तर देत आहे. एका ठिकाणी तर तो उघड सांगतो की, आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेन व ग्रीक ह्यांच्याविरुद्ध अवाक्षर काढण्याची आपली छाती झाली नसती. हे विधान साधे दिसले तरी फार बोलके आहे. दूर गोव्यात जे डोळ्यांदेखत दिसत होते, ते बोलून दाखविण्याचे धैर्य विद्यापीठाच्या छायेत राहून झाले नसते, हेच त्याने येथे कबूल केले आहे.

त्याने दाखवून दिलेल्या चुका अनेक आहेत. चिंचेला अरबी व्यापारी हिंदी खजूर म्हणत. त्यावरून ते ताडवर्गातील झाडाचे फळ असावे अशी युरोपात समजूत होती. चिंचेचे झाड व शेंगा प्रत्यक्ष पाहिलेल्या ओर्ताने ती खोडून काढली. कोष्ठ ह्या औषधी मुळाच्या अरबी, हिंदी व सिरियन अशा तीन जाती ग्रंथकारांनी सांगितल्या होत्या. द्रव्य एकच असून व्यापाराचे मार्ग निराळे, असे त्याने प्रतिपादन केले. वंशलोचन हे बांबूच्या पोटात तयार होते आणि ग्रीकांच्या स्पोडियमशी त्याचा संबंध नाही, हेही त्याने सांगितले. हिऱ्यासंबंधीचे त्याचे विवेचन मराठी वाचकाला विशेष मनोरंजक वाटेल. हिरकणी गिळून प्राण दिल्याच्या कथा आपल्याकडे घरोघरी प्रचलित आहेत. युरोपातही हिरा विषारी मानला जाई. शिवाय तो घणाने फुटत नाही, मात्र बोकडाच्या रक्ताने मऊ पडतो, अशी वदंता होती. ओर्ताने ह्या साऱ्या गोष्टी निराधार ठरविल्या. खाणीतील मजूर चोरून हिरे गिळतात आणि त्यांना काही अपाय होत नाही, हा त्याचा पुरावा होता.

ह्या ग्रंथातील पटकीचे वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. गार पडलेली कातडी, क्षीण झालेली नाडी, पेटके, तहान आणि काही प्रहरांतच ओढवणारा मृत्यू, असे त्या व्याधीचे चित्र एखाद्या युरोपीय वैद्याने इतक्या स्पष्टपणे प्रथमच रेखाटले. त्या रोगाचे येथील नाव त्याने नोंदविले आहे ते मोडशी ह्या आपल्या शब्दाचेच रूप. अतिसारावर कुड्याच्या सालीचा जो उपचार आपल्या आजीबाईंच्या बटव्यात होता, त्याचाही उल्लेख ग्रंथात आहे. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य तर ह्या संवादांत प्रत्यक्ष अवतरतो. येथील वैद्यांना शरीरशास्त्र येत नाही, असे ओर्ताचे मत होते आणि ते त्याने स्पष्टपणे मांडले आहे. परंतु जेथे त्यांचा उपचार अधिक गुणकारी आढळला, तेथे तो पत्करण्यात त्याने कमीपणा मानला नाही. तोही आपल्या काळाचा माणूस होता. त्याच्या घरी गुलाम होते, हे विसरता येणार नाही. तथापि ज्ञान कोणाकडून आले ह्यापेक्षा ते खरे आहे की नाही, हा प्रश्न त्याने आधी विचारला.

इन्क्विझिशनची छाया

ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील एक तपशील मननीय आहे. हा ग्रंथ गोव्याचा इन्क्विझितोर आलेशु दियश फाल्कांव ह्याच्या नजरेखालून गेला आहे, असे तेथे छापलेले आहे. म्हणजे १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने ह्या ग्रंथाला हरकत घेतली नाही. गॅलेनविरुद्ध लिहिल्याबद्दल ओर्ताला कोणी दंड केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वनस्पतींविषयी, हिऱ्यांविषयी, पटकीविषयी त्याला मोकळेपणाने बोलता आले. ज्या एका विषयावर त्याला तोंड उघडता आले नाही, तो विषय म्हणजे तो स्वतः. आपण कोणत्या कुळातले, आपल्या आईने लहानपणी काय शिकविले, आपली श्रद्धा कोणती, ह्याविषयी ग्रंथात चकार शब्द नाही. दोन सहस्र वर्षांच्या पंडितांना प्रश्न विचारणारा हा निर्भय पुरुष स्वतःच्या घराविषयी जन्मभर मुका राहिला. समाज विचारवंताला शिक्षा करतो ती नेहमी चितेवरच करतो असे नाही. सतत सावध राहण्याची सक्ती, आपल्याच माणसांतही शब्द तोलून बोलण्याची सवय, ही पहिली शिक्षा होय. आणि ती कोणत्याही निकालपत्राशिवाय भोगावी लागते.

ते दशक गोमंतकाच्या इतिहासातील भयंकर दशक होते. सासष्टी व बारदेशातील देवालये पाडली जात होती. आपल्या पूर्वजांनी देवांच्या मूर्ती व लिंगे रातोरात नदीपार करून आदिलशाही मुलखातील अंत्रुज महालात नेली, ती ह्याच सुमारास. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती रुग्णांना हिंदू वैद्यांचे उपचार घेण्यास मनाई केली. ज्या वैद्यांकडून ओर्ता शिकला, त्यांचा उंबरठा चढणेही आता गुन्हा झाले. मूर्तिपूजक हिंदू, नवख्रिस्ती यहुदी आणि लपूनछपून जुने आचार पाळणारे नवे गोमंतकीय ख्रिस्ती ह्या सर्वांवर एकाच न्यायासनाची दृष्टी होती. १५६१ ते १७७४ ह्या काळात सुमारे १६,००० माणसांवर ह्या न्यायासनापुढे खटले चालले.

१५६८ साली गार्सिया द ओर्ता गोव्यात मरण पावला. राजाचा वैद्य म्हणून ख्रिस्ती विधीने त्याचे दफन झाले. विजरईंची मर्जी, निजामशहाशी स्नेह आणि व्यवसायातील लौकिक ह्या कवचांनी त्याचे जन्मभर रक्षण केले होते. तो गेल्याबरोबर ते कवच त्याच्या कुटुंबावरून गळून पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली आणि बरोबर एका वर्षाने, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, तिला गोव्यात जाळण्यात आले. चौकशीत कुटुंबातील इतरांकडूनही जबान्या घेण्यात आल्या. कातारिनाच्या नवऱ्याने दिलेल्या जबानीत, मोशेचे धर्मशास्त्र हेच खरे, असे गार्सिया खासगीत म्हणत असे, असा उल्लेख आला. बंदिखान्यात घेतलेल्या जबानीला पुरावा म्हणून किती मोल द्यावे, हा प्रश्न आजचा कोणताही न्यायाधीश विचारील. तेव्हा तो विचारला गेला नाही.

मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत गार्सिया द ओर्ताला शिक्षा झाली. त्याच्या अस्थी कबरीतून काढण्यात आल्या आणि शिक्षा फर्माविण्याच्या जाहीर समारंभात, ज्याला पोर्तुगीज भाषेत आवतो-द-फे म्हणत, त्या जाळण्यात आल्या.

मृताला वेदना होत नाहीत, हे इन्क्विझितोरांनाही कळत होते. मग हा खटाटोप कशासाठी? शिक्षा अस्थींना दिली, परंतु ती पाहण्यासाठी जिवंत माणसे जमविली होती. मरण आले तरी सुटका नाही, मान्यता मिळाली तरी ती परत घेता येते, आणि मनात दडविलेला विचारही एक दिवस चव्हाट्यावर आणता येतो, हे त्यांच्या मनावर ठसवावयाचे होते. विचारवंताला होणारी शिक्षा बहुधा त्याच्यासाठी नसतेच. जो अद्याप बोललेला नाही, त्याने बोलू नये, एवढ्यासाठी ती असते.

ग्रंथाचे भाग्य

परंतु अग्नीच्या आवाक्याबाहेर एक वस्तू राहिली होती. कोलॉकियुशची एक प्रत १५६४ मध्ये फ्लँडर्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस ह्याला लिस्बनमध्ये मिळाली. त्याने तिचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद केला आणि तो १५६७ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे ओर्ता हयात असतानाच त्याचे ज्ञान युरोपभर पोहोचले. पुढे ह्या अनुवादाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १५७८ साली क्रिस्तोबाल आकोस्ता ह्याने स्पॅनिश भाषेत लिहिलेल्या ग्रंथाचा मोठा आधार ओर्ताच होता. गोव्यात ज्याच्या अस्थी जळत होत्या, त्याच्या शब्दांवरून युरोपातील वैद्य औषधे ओळखत होते.

ओर्ताच्या स्वतःच्या भाषेची कथा मात्र निराळी आहे. कोलॉकियुशची दुसरी पोर्तुगीज आवृत्ती निघाली ती १८७२ साली, म्हणजे पहिलीनंतर ३०९ वर्षांनी. १८८६ साली कोंदे द फिकाल्यु ह्याने ओर्ताचे विस्तृत चरित्र लिहिले आणि नंतर ग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध केली. परंतु त्याच्या मरणोत्तर शिक्षेची वार्ता ह्या चरित्रकारालाही नव्हती. १९१३ साली ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले, तेव्हा त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली होती. जे थोडे कागद लिस्बनला गेले होते, त्यांवरून १९३४ साली आवगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु ह्या संशोधकाने ओर्ता कुटुंबाची शोकांतिका प्रथम उजेडात आणली. त्यानंतर १९७१ साली पोर्तुगालने आपल्या वीस इश्कुदांच्या नोटेवर गार्सिया द ओर्ताचे चित्र छापले. लिस्बनसमोरील आल्मादा येथील एका मोठ्या रुग्णालयालाही त्याचे नाव देण्यात आले.

हा गौरव उचितच आहे. तथापि नाव देणे सोपे असते. ज्याने प्रश्न विचारले तो मरून चार शतके लोटली, म्हणजे त्याच्या प्रश्नांपासून कोणालाही भय उरत नाही. खरी कसोटी समाज समकालीनांशी कसा वागतो ह्यात असते. ओर्ताला जाळणारे लोक राक्षस नव्हते. कायद्याच्या पुस्तकांत पारंगत, आपण धर्माचे रक्षण करीत आहोत अशी खात्री असलेले, नेमस्त वृत्तीचे विद्वान अधिकारी त्यांत होते. त्यांची कागदपत्रे व्यवस्थित होती, साक्षी लिहून घेतल्या होत्या, निकाल नियमानुसार दिले होते. अन्याय इतका नीटनेटका असू शकतो, हे ह्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. शिवाय ही प्रवृत्ती कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. १५५३ साली जिनिव्हा येथे प्रॉटेस्टंट पंथीयांनी मिगेल सर्व्हेतो ह्या वैद्य-पंडिताला त्याच्या धर्ममतांसाठी जिवंत जाळले. चिता न रचता माणसाला वाळीत टाकून त्याचे जिणे असह्य करण्याची कला आपल्या समाजालाही अवगत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गार्सिया द ओर्ताने वैद्यकाला दिलेली देणगी केवळ काही वनस्पतींच्या वर्णनाची नाही. थोरांचे वचन आणि आपला अनुभव ह्यांत विरोध दिसला तर थोरांचा अनादर न करता, परंतु डोळेही न मिटता, पुन्हा एकदा वस्तूकडे पाहावे, ही रीत त्याने आचरून दाखविली. ही रीत औषधांपुरती चालू द्यावी आणि श्रद्धांच्या बाबतीत मात्र बंद ठेवावी, असा करार त्याच्या काळाने त्याच्याशी केला होता. त्याने तो जन्मभर निमूटपणे पाळला. तरीही शेवटी सत्तेने आपली बाजू पाळली नाही. त्याच्या बहिणीचे प्राण गेले, त्याची कबर गेली, आणि त्याचे खरे मनोगत काय होते हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत जगाला कधीच कळले नाही. मोडशी, कुडा, चिंच ह्यांविषयी त्याने जे लिहिले ते आज आपण वाचू शकतो. जे लिहिण्याचे भय त्याला वाटले, ते कायमचे नाहीसे झाले. समाजाचे झालेले हे नुकसान कोणत्याही उद्यानाला त्याचे नाव दिल्याने भरून येणारे नाही.